गॅस हीटर लावून झोपलं तर चालतं का?

हिवाळी सहलींचे बेत ठरायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. मनाली, स्पिती, लेह, सिक्कीम किंवा नेपाळमध्ये रात्री पारा शून्याच्या आसपास असतो. होमस्टेवाले खोलीत एक चाकांची पेटी आणून ठेवतात. मागे सिलिंडर, पुढे लालभडक तापणाऱ्या जाळ्या. पाच मिनिटांत खोली उबदार. मग साहजिकच वाटतं की रात्रभर सुरू ठेवला तर काय बिघडलं? गॅसचा वास तर येत नाहीये.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर नाही, अजिबात चालत नाही. पण नुसतं "नाही" म्हणून कोणी ऐकत नाही, आणि रात्री दोन वाजता पाय गारठलेले असताना तर नाहीच. बंद खोल्यांमधली हवा हा माझ्या पीएचडीचा विषय आहे, म्हणून या लेखात त्या "नाही"मागचं गणित तुमच्यापुढे मांडतो. गणित सोपं आहे, पाचवी-सहावीचा गुणाकार-भागाकार पुरतो. ते एकदा डोळ्यांखालून गेलं की हीटर कधी वापरायचा, कसा वापरायचा आणि कधी बंद करायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

हे गणित चुकलं तर काय होतं याचं एक उदाहरण जानेवारी २०२० मधलं आहे. केरळमधली काही कुटुंबं नेपाळच्या सहलीला गेली होती. परतीच्या वाटेवर ती दामन या थंड हवेच्या ठिकाणी मुक्कामाला थांबली (आपल्या दीव-दमणमधलं दमण वेगळं, हे दामन नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात, सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे). रात्री एका खोलीत आठ जण झोपले, चार मोठे आणि चार मुलं. दारं-खिडक्या बंद, गॅस हीटर सुरू. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले आणि त्यांपैकी एकही वाचला नाही. स्फोट झाला नव्हता, आग लागली नव्हती.

पेटीत नेमकं काय असतं?

अमेरिका-कॅनडात अशा हीटरला पोर्टेबल प्रोपेन हीटर म्हणतात. आपल्याकडे तो एलपीजीवर चालतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. रसायनशास्त्र दोन्हीकडे जवळपास सारखंच, म्हणून पुढचा हिशोब मी प्रोपेनचाच धरला आहे.

या हीटरची खरी ओळख म्हणजे त्याला धुराडं नसतं. काश्मीरमधली बुखारी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातून एक पत्र्याचा पाइप छतातून बाहेर जातो. आत लाकूड जळतं, धूर बाहेर जातो, ऊब खोलीत राहते. पोर्टेबल गॅस हीटरमध्ये हा पाइपच नाही. जळून जे काही तयार होतं ते सगळं तुमच्याच खोलीत येतं. त्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता खोलीला मिळते हे खरं, पण जळलेली हवाही पूर्णच्या पूर्ण तुमच्या वाट्याला येते.

काही हीटर "बिनज्योतीचे" म्हणून विकले जातात. त्यांत उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर गॅस जळतो आणि ज्योत दिसत नाही. पण ऑक्सिजन तेही तेवढाच खातात. ज्योत दिसत नाही म्हणजे ज्वलन होत नाही असं नव्हे.

चाळीस पाहुणे

आता हिशोब. प्रोपेनचा एक रेणू जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे तीन आणि पाण्याचे चार रेणू बनतात.

तीन किलोवॅटचा हीटर घेऊ (बाजारातल्या भाषेत सुमारे दहा हजार बीटीयू). तो तासाला साधारण २२० ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस जळताना सुमारे ६०० लिटर ऑक्सिजन वापरला जातो, ३६० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ३६० ग्रॅम पाण्याची वाफ होते. म्हणजे दर तासाला दीड फुलपात्रं भरून पाणी तुमच्या खोलीच्या हवेत मिसळतं.

६०० लिटर म्हणजे किती? शांत बसलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन वापरतो. भागाकार करून बघा. एक हीटर म्हणजे खोलीत येऊन बसलेले चाळीस पाहुणे! तुम्ही तिघं झोपलाय आणि सोबत ही चाळीस माणसं रात्रभर श्वास घेत बसली आहेत. एवढी माणसं खरंच आली असती तर तुम्ही सगळ्यात आधी खिडकी उघडली असती.

आता खोली धरू दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट. आत सुमारे ३४,००० लिटर हवा आहे. त्यात ऑक्सिजन २०.९ टक्के. खोली पूर्ण बंद असेल तर हा आकडा १८ टक्क्यांपर्यंत यायला सुमारे एक तास चाळीस मिनिटं लागतील. लेहमध्ये हवा विरळ आहे, त्याच खोलीत मुळातच ऑक्सिजन सुमारे दोन तृतीयांश असतो, तेव्हा तिथे हे काम तासाभरातच होतं.

आणि तंबू? दोन माणसांच्या तंबूत जेमतेम ४,००० लिटर हवा असते. त्यात सव्वा किलोवॅटचा लहानसा हीटर लावला तरी अर्ध्या तासात तीच वेळ येते.

प्रत्यक्षात कुठलीच खोली डबाबंद नसते. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या कडांमधून थोडी हवा आत-बाहेर होतच असते. पण थंडीच्या गावात पाहुणे काय करतात? फटीत टॉवेल कोंबतात, खिडकीवर घोंगडी टांगतात. हीटरला जी हवा हवी असते नेमकी तीच आपण अडवतो.

खरा मारेकरी टक्केवारीत दिसत नाही

१८ टक्के ऑक्सिजन ऐकायला भीतीदायक वाटतं, पण धडधाकट माणूस १८ टक्क्यांत लगेच मरत नाही. बऱ्याचदा त्याला काही जाणवतही नाही. अडचण अशी की तुम्हाला जाणवायच्या आत ज्योतीला जाणवतं.

प्रोपेनमधला कार्बन एका उडीत कार्बन डायऑक्साइड होत नाही. आधी कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि मग तो पुढे जळून डायऑक्साइड होतो. हा शेवटचा टप्पा सगळ्यात नाजूक. त्याला पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ आणि पुरेसा ऑक्सिजन लागतो. यांतलं काहीही कमी पडलं की काम अर्धवट राहतं आणि मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. जाळीत धूळ-केस अडकलेत, सिरॅमिकची पट्टी तडकली आहे, ज्योतीला गार भांडं टेकलंय, हीटर नुकताच पेटवलाय आणि पट्ट्या अजून तापलेल्या नाहीत, यांतलं कुठलंही कारण पुरतं. आणि सगळ्यात वाईट कारण म्हणजे खोलीतला ऑक्सिजनच कमी झालाय.

इथे एक दुष्टचक्र सुरू होतं. हीटर ऑक्सिजन खातो. ऑक्सिजन कमी झाला की ज्वलन बिघडतं. ज्वलन बिघडलं की मोनॉक्साइड वाढतो. पहिल्या तासात अगदी व्यवस्थित जळणारा हीटर तिसऱ्या तासात विष ओकायला लागू शकतो, आणि मधल्या काळात त्याला कोणी हातही लावलेला नसतो. "काल संध्याकाळी दोन तास लावला होता, काही झालं नाही" हा अनुभव म्हणूनच रात्रीसाठी उपयोगाचा नाही. संध्याकाळी लोक ये-जा करतात, दार उघडतं, हवा बदलते. रात्री दार उघडतच नाही.

किती मोनॉक्साइड लागतो? समजा गॅसमधल्या कार्बनपैकी शंभरात फक्त पाच भाग अर्धवट जळले. आपल्या त्याच बंद खोलीत दीड तासात मोनॉक्साइडचं प्रमाण सुमारे ८०० पीपीएमवर जाईल, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग. टक्केवारीत हे फक्त ०.०८ टक्के. पण एवढ्या प्रमाणात पाऊण तासात चक्कर आणि मळमळ सुरू होते, दोन तासांत माणूस बेशुद्ध होतो आणि तिथेच राहिला तर दोन-तीन तासांत मृत्यू येऊ शकतो. तुलनेसाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची आठ तासांची मर्यादा सुमारे ९ पीपीएम आहे.

आपलं शरीर इथे का फसतं?

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. बसमधल्या सीटवर कोणी रुमाल टाकून जागा अडवावी आणि मग उतरूच नये, तसं. शिवाय जो ऑक्सिजन रक्तात शिल्लक असतो तोही पेशींना सहज सोडला जात नाही.

पण मग जीव गुदमरत कसा नाही? कारण गुदमरल्याची भावना मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, आणि श्वास नीट चालू असेल तर तो बाहेर जात राहतो. धोक्याची घंटा वाजतच नाही. डोकं जड होतं, झोप येते, हातापायांतली ताकद जाते. काही लोक शुद्धीत असूनही दारापर्यंत चालत जाऊ शकत नाहीत. आणि झोपलेल्या माणसाला तर डोकेदुखी कळतच नाही.

हे ज्ञान नवीन नाही. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९०च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम अभ्यासला होता. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. हॉल्डेननी तिथल्या मृतांची तपासणी केली तेव्हा दिसलं की बहुतेक जण स्फोटाच्या धक्क्याने नाही, तर नंतरच्या मोनॉक्साइडने गेले होते. खाणीत कॅनरी पक्षी किंवा उंदीर न्यावेत ही सूचना त्यांचीच. लहान जिवाचा श्वासोच्छ्वास वेगवान, म्हणून त्याला विषबाधा माणसाआधी होते. ब्रिटनच्या खाणींमध्ये कॅनरी १९८६ पर्यंत होते. (जे. बी. एस. हॉल्डेन हे जीवशास्त्रज्ञ पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ते यांचेच चिरंजीव.)

शरीराची ही फसगत आणखी दोन प्रकारे आपल्या अंगाशी येते.

एक, ऑक्सिमीटर. कोविडपासून हे यंत्र घरोघरी आलंय आणि पहाडात जाताना लोक ते आवर्जून सोबत नेतात. पण साधा ऑक्सिमीटर बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडून हिमोग्लोबिन किती "भरलेलं" आहे एवढंच बघतो. ते ऑक्सिजनने भरलंय की मोनॉक्साइडने, हा फरक त्याला कळत नाही. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटाला लावला तर तो निवांतपणे ९७-९८ दाखवू शकतो. त्या आकड्यावर विसंबू नका.

दोन, उंचीचा त्रास. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा ही लेह-स्पितीत पहिल्या दिवशी होणाऱ्या त्रासाची लक्षणं आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचीही हीच. मग घरचे काय करतात? "हवा लागली वाटतं, जरा पडून राहा" म्हणत माणसाला हीटरच्या जवळ, पांघरुणात घालतात. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास सुरू झाला, किंवा बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटून परत खोलीत आल्यावर पुन्हा डोकं धरलं, तर आधी हीटरवर संशय घ्या. नक्की कळत नसेल तरी हीटर बंद करून बाहेर या. उंचीचा त्रास निघाला तरी यात नुकसान काहीच नाही.

"पण आमच्या हीटरमध्ये सेन्सर आहे"

असेल, आणि असलेला चांगलाच. त्याला ओडीएस म्हणतात, म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करणारी यंत्रणा. यात एक छोटी पायलट ज्योत एका धातूच्या टोकावर रोखलेली असते. ते टोक तापलं की त्यातून अगदी थोडी वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. खोलीतला ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की पायलट ज्योत जागेवरून उचलली जाते, टोक थंड होतं, वीज थांबते, झडप मिटते. ना बॅटरी, ना चिप. मला ही रचना फार आवडते.

पण तिच्या मर्यादा बघा. ती ऑक्सिजनवर नजर ठेवते, मोनॉक्साइडवर नाही. जाळी घाण असेल, पट्टी तडकलेली असेल, तर भरपूर ऑक्सिजन असतानाही मोनॉक्साइड तयार होऊ शकतो आणि ओडीएस गप्प राहील. दुसरं, हे हीटर मैदानी भागातली हवा धरून बनवलेले असतात. पोर्टेबल हीटरच्या काही माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की सात हजार फुटांच्या वर हा हीटर नीट चालणार नाही, मध्येच बंद पडेल. मग होतं काय, की पहाडात हीटर सारखा विझतो म्हणून कोणीतरी "जुगाड" करून सेन्सरच निकामी करून टाकतो. असा हीटर तुमच्या खोलीत आलाय का हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

म्हणून ओडीएस असला तरी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म सोबत ठेवा. तळहाताएवढा असतो, बॅटरीवर चालतो. मात्र तो स्मोक अलार्मपेक्षा वेगळा असतो. धुराच्या अलार्मला मोनॉक्साइड कळत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे हा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासात वाजतो आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांत. उशाजवळ, झोपल्यावर ऐकू येईल असा ठेवा आणि निघायच्या आधी टेस्टचं बटण दाबून बघा.

खिडकी उघडली तर ऊब जाईल ना?

जाईल, पण किती ते मोजू. तीन किलोवॅटचा हीटर चालू असताना ऑक्सिजन २० टक्क्यांच्या वर ठेवायचा तर तासाला साधारण ६५ ते ७० घनमीटर ताजी हवा लागते. म्हणजे आपल्या खोलीतली सगळी हवा तासातून दोनदा बदलायला हवी. बाहेरची ही हवा २० अंशांनी तापवायला सुमारे ४५० वॅट लागतात. हीटर देतोय ३००० वॅट. म्हणजे खिडकीवाटे तुमच्या उबेचा सहावा-सातवा हिस्सा जातो, बाकीची ऊब खोलीतच राहते. सौदा अगदीच वाईट नाही.

शक्यतो दोन फटी ठेवा, एक खाली (दाराखालची चालेल) आणि एक वर (व्हेंटिलेटर किंवा खिडकीचा वरचा भाग). गरम हवा वरून जाते, ताजी खालून येते. फक्त एकच फट असेल तर हवा तेवढी खेळत नाही. खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळायला लागलं तर समजा की जळलेली हवा खोलीतच साठतेय, कारण ती वाफ हीटरमधूनच आलेली आहे. काचा कोरड्या आहेत म्हणजे सगळं ठीक, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं

पेटवण्याआधी:

– जाळी आणि पट्ट्या बघा. धूळ, तडे, काजळी असेल तर तो हीटर नको म्हणा.
– नळी आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधू नका.
– हीटर सपाट जागेवर, पलंग-पडदे-रजईपासून किमान एक मीटर लांब ठेवा. त्यावर ओले मोजे वाळत घालू नका.
– पेटवल्यानंतरची पहिली काही मिनिटं दार उघडं ठेवा. पट्ट्या तापेपर्यंत ज्वलन अर्धवट असतं.

सुरू असताना:

– फटी उघड्या, आणि एक तरी मोठं माणूस जागं. मुलांना हीटरसोबत एकटं सोडू नका.
– ज्योत पिवळी, लवलवती दिसली किंवा काजळी धरली तर लगेच बंद करा. निळी ज्योत चांगली, पण तीही शंभर टक्के खात्री नाही.
– ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत एलपीजीचा दाब पडतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं, हीटरसमोर सरकवणं हे प्रकार करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस बाहेर येतो आणि भडका उडतो.

झोपताना:

– हीटर बंद, सिलिंडरचा नॉबही बंद.
– दहा मिनिटं खिडकी उघडून खोलीतली हवा बदला. हीटर विझला तरी त्याने केलेली हवा आतच असते.
– मग रजया, गरम पाण्याची पिशवी, लोकरी टोपी. वीज असेल तर ऑइल हीटर किंवा इलेक्ट्रिक ब्लँकेट.

होमस्टेच्या मालकाशी बोलताना संकोच करू नका. "झोपायच्या आधी हीटर काढून न्या आणि रजया दोन जास्त द्या" एवढंच सांगा. आजी-आजोबा, लहान मुलं किंवा गरोदर बाई सोबत असेल तर आणखी काटेकोर राहा. पोटातल्या बाळाला मोनॉक्साइडचा त्रास आईपेक्षा जास्त होतो.

एक गैरसमजही दूर करतो. न जळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो आणि त्यात मुद्दाम मिसळलेला उग्र वास असतो. कार्बन मोनॉक्साइडचं तसं नाही. त्याचं वजन हवेइतकंच, वास नाही, रंग नाही. तो खोलीभर सारखा पसरतो. तेव्हा "आम्ही वरच्या पलंगावर झोपलो होतो" याने काही फरक पडत नाही. आणि "वास येत नाहीये" याचा अर्थ एवढाच की गळती नाही.

कोणी बेशुद्ध सापडलं तर

आधी दारं-खिडक्या उघडा, श्वास रोखून जमेल तितक्या लवकर माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, आणि हीटर बंद करा. स्वतः आत रेंगाळू नका. वाचवायला गेलेला दुसरा माणूस तिथेच पडल्याची उदाहरणं आहेत. भारतात ११२ किंवा १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर सीपीआर द्या. डॉक्टरांना "खोलीत गॅस हीटर सुरू होता" हे शब्द आवर्जून सांगा, कारण त्याशिवाय त्यांचं लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं.

साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तास-दीड तासात होतं. म्हणून "शुद्धीवर आला, आता चहा द्या" म्हणून थांबू नका, दवाखान्यात न्या. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवरचे परिणाम काही वेळा दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसतात.

आणि घरी?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे लेहला चाललोय. पण हाच हिशोब पुण्या-नाशिकच्या बाथरूममधल्या गॅस गीझरला लावून बघा. गीझर दहा-अकरा किलोवॅटचा असतो आणि बाथरूम सहा बाय चार फुटांचं. पूर्ण बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन १८ टक्क्यांवर यायला चार-पाच मिनिटं पुरतात. अंघोळीला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत घ्या. आत असलाच तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, हवा बदलू द्या आणि मग अंघोळीला जा.

परदेशातल्या मंडळींसाठीही एक गोष्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फवृष्टीने वीज गेली तेव्हा लोकांनी उबेसाठी बार्बेक्यूच्या शेगड्या घरात पेटवल्या, जनरेटर आणि गाड्या गॅरेजमध्ये सुरू ठेवल्या. त्या काही दिवसांत कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे किमान १,४०० लोकांना उपचार घ्यावे लागले. "बाहेर वापरण्यासाठी" असं लिहिलेलं कुठलंही उपकरण वीज गेली म्हणून आत आणायचं नसतं.

तेव्हा बुकिंग करायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. खोलीत हीटर कुठल्या प्रकारचा आहे? धुराडं किंवा वरती व्हेंटिलेटर आहे का? रजया जास्तीच्या मिळतील का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "गॅसचा" आणि दुसऱ्याचं "नाही" असं आलं, तर दुसरी खोली शोधा. आणि बॅगेत मोजे-कानटोपी भरताना तो तळहाताएवढा अलार्मही टाका.